लाल गोलातला माणूस

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्काराची जागा कोरी सोडतोय, तुला हवा तेवढा भरून घे. "फोनवर तू थापा मारतोस, कागदावर तुला जमणार नाही, म्हणून महिन्याला दोन पत्रं पाहिजेतच," असा तुझा कायदा. सहावीतच शाळेच्या कुंपणावरून उडी मारलेल्या माणसाला ही सक्तमजुरी! तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

बातमी अशी की मला कायम केलं. वर्षातली ही पाचवी नोकरी. तू म्हणशील, भिंगरी कुठं टिकतेय. पण ही टिकेल, कारण नोकरीच फिरायची आहे. बातम्यांच्या चॅनेलची मोठी गाडी चालवतो. टपावर परातीच्या चौपट छत्री. कुठं काही झालं की पळायचं, सपाट जागा बघून गाडी लावायची, जनरेटर चालू करायचा, छत्री आभाळाकडे वळवायची, की इथलं चित्र घराघरांत.

माणसं एकेक नमुने आहेत. बातम्या सांगणारा एक आहे, त्याला आम्ही तोफ म्हणतो. आत काचेच्या खोलीत असा बोंबलतो की जणू शेजारचं घर पेटलंय. बाहेर आला की मांजराच्या आवाजात कोमट पाणी मागतो. दुसरा गोलवाला. त्याचं काम एकच, चित्रावर लाल गोल काढायचा आणि बाण मारायचा. परवा एका भिंतीला ओल आली होती. ह्यानं गोल काढला, बाण मारला, वरून ढॅण ढॅण वाजवलं. मी आपला तासभर बघत बसलो, भिंतीत काय आहे म्हणून. ओलच होती गं! आमचे साहेब म्हणतात, "काय घडलं ते विचारू नकोस. माणूस चॅनेल बदलतोय का ते विचार."

तू पाठवलेला भाऊजींचा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, अख्ख्या वस्तीचं पाणी आमच्या भाऊजींच्या हातात आहे. गोलवाला खूश. म्हणाला, "तोंडाला फडकं, हातात बादली, पांढरंफेक पाणी, काय चित्र आहे! दे इकडे, कधी लागेल." म्हटलं, बघू. भाऊजींना सांग, मोठ्या ठिकाणी पोचलात.

तुझा,
भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरी,

नमस्कार भरून घेतला. आशीर्वाद तू भरून घे, पण पुरवून वापर.

नोकरी लागली ते बरं झालं. पण व्हिडिओ चारचौघांत फिरवलास ते काही मला पटलं नाही. हे किती बुजरे ते तुला ठाऊक आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा अर्धे खांबामागे आहेत. मोठ्या मिनतवारीनं टाकीवर नेलं मला, आणि घरी आल्यावर दोनदा विचारलं, "मापं बोललो ती ऐकू येतात ना नीट?" जसा काही परीक्षेचा पेपरच दिला होता.

इथं खालच्या गल्लीत चार-पाच जणांची पोटं बिघडलीत. ह्यांचं म्हणणं, गटाराजवळ नळ फुटलाय आणि घाण आत ओढली जातेय. कचेरीला दोनदा लिहून दिलं. "बघतो" म्हणाले. त्यांचं बघतो म्हणजे पाठ फिरवतो. तोवर हे टाकीत जंतू मारायची पावडर रोज एक माप जास्त घालतात. पाण्याला वास येतो म्हणून लोक शिव्या देतात. हे बादली खाली ठेवून हसतात. "देऊ देत. शिव्या देणारे जिवंत असतात."

जेवतोस का वेळेवर? आणि गाडी हळू चालव. बातमी कुठं पळून जात नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर लिही. फोन करू नकोस, लागणार नाही. का ते सांगते.

परवा सकाळी समोरच्या घरातून ओरडा आला, "अहो, टीव्ही लावा, टीव्ही!" लावला. तुझंच चॅनेल. मी काढलेला व्हिडिओ चालला होता. सगळा नाही, दहा-अकरा सेकंदांचा तुकडा, तोच तोच, पुन्हा पुन्हा. हे वाकतात, पांढरं पाणी ओततात, वळून बघतात. परत वाकतात. आवाज काढून टाकलेला. तोंडाभोवती लाल गोल. खाली अक्षरं, "टाकीत काय ओतलं?" आणि तुझी ती तोफ विचारत होती, "कोण आहे हा बुरखाधारी? वस्तीच्या घशात कोण विष ओततंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "अगं, हा तर मीच." अजून अर्धवट हसत होते.

फडक्यानं तोंड झाकलं तरी काय, तो चौकड्यांचा सदरा अख्ख्या वस्तीला पाठ आहे. तासाभरात दारात माणसं. ज्यांच्या घरी हे नळ दुरुस्त करायला गेले, तीच. एकानं बादली फेकून मारली. पोलीस आले, घेऊन गेले, संध्याकाळी सोडलं. पण कामावरून बसवलं. पावडरची खोली, मापाचा डबा, वही, सगळ्यावर पुरावा म्हणून सील. माझा फोनही ठेवून घेतला. महिनाभर तरी मिळायचा नाही म्हणे.

आता नीट ऐक. तो व्हिडिओ दोन मिनिटांचा आहे. त्यात हे पिशवीवरचं नाव वाचून दाखवतात, पावडर कशाची, कशासाठी, किती, सगळं बोलतात. तो ऐकला तर लहान पोरालाही कळेल. माझा फोन पोलिसांकडे, त्यांना तो उघडायला सवड नाही. म्हणजे अख्खा व्हिडिओ आता फक्त तुझ्याकडे आहे. तो पाठव. कसाही पाठव.

आणि मला एक सांग. मी तो तुझ्याशिवाय कुणालाच पाठवलेला नाही. तुझा फोन चोरीला गेला का रे? तसंच काहीतरी झालं असणार.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

हो, फोन चोरीलाच गेला. दहा-बारा दिवस झाले. गर्दीत कुणीतरी मारला. त्यातूनच चॅनेलला गेला असणार, इथं असली चित्रं विकत फिरणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओ पण गेला त्याच्याबरोबर.

मी गप्प बसलेलो नाही. साहेबांच्या कानावर घातलं, म्हटलं हा माणूस असा नाही. ते म्हणाले, खुलासा आला तर दाखवू की. मी बघतो काय करता येईल ते. तू घाबरू नकोस. चार दिवसांनी दुसरं काहीतरी घडेल आणि लोक हे विसरतील. इथं कुठलीच बातमी आठवड्यापेक्षा जास्त जगत नाही.

भाऊजींना म्हणावं, बाहेर पडू नका.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

फोन गेला तर गेला. तू तरी काय करणार. जीव खाली-वर होतोय म्हणून लिहिते.

लोक विसरतील म्हणालास, पण पाणी विसरत नाही. आज आठ दिवस टाकीत पावडर पडलेली नाही. ह्यांच्या जागी दुसऱ्याला बोलावलं, तो शिडीपर्यंत आला, आजूबाजूला बघितलं, समोरच्या गच्चीवर दोन पोरं फोन धरून उभी, तसाच माघारी गेला. म्हणाला, "मी वर चढायचो आणि उद्या मी पण गोलात." पाणी मात्र येतंय. गटाराजवळून येतंय आणि तसंच नळातून पडतंय.

हे कचेरीच्या दारात उभे राहिले. "मला उलटं टांगा, पण पावडर घाला." शिपाई म्हणाला, "आधीच घातलीत की भरपूर!" सगळे हसले.

आता हे दारोदार जाऊन सांगतात, पाणी उकळून प्या. लोक दार लावून घेतात. विष घालणाऱ्याचं कोण ऐकणार? एक बाई तर मुद्दाम ह्यांच्यासमोर नळाचं पाणी पेलाभर प्यायली. "तुमची पावडर नाही ना आता त्यात, म्हणून गोड लागतंय."

आम्ही उकळून पितो. तू भेटलास की बोलू. कुणाकडून तरी तो व्हिडिओ मिळतो का बघ. चॅनेलकडे असेलच ना रे सगळा?

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. तुझं पत्र कालच सकाळी मिळालं. त्यानंतर लगेच लांब एका कामाला जावं लागलं, आज परत आलो. काही खास नव्हतं. नेहमीचंच.

भाऊजींची तब्येत कशी आहे? सहज विचारतोय. पोट वगैरे ठीक आहे ना? त्यांना थोडं जरी बरं नसेल तर लगेच दवाखान्यात ने. वाट बघू नकोस. साखर-मिठाचं पाणी दे, उकळलेलं. लगेच ने हं.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

पोट ठीक नाही.

काय झालं ते लिहिते. तुला माहीत आहे, तरी लिहिते.

२७ तारखेला दुपारी तुमच्या चॅनेलची गाडी आमच्या गल्लीत आली. टपावर छत्री. हातात माइक घेतलेली एक बाई उतरली. तिच्याबरोबर कॅमेरा, आणि मागं अर्धी वस्ती. दार वाजवून म्हणाली, "तुम्ही निर्दोष आहात ना? मग लोकांसमोर एवढं सिद्ध करा." टाकीच्या नळाचं पाणी तिनं पेल्यात भरून आणलं होतं.

हे आत आले. मला म्हणाले, "अकरा दिवस पावडर नाही त्यात."

मी म्हटलं, पिऊ नका. तिला सांगा तसं.

"सांगितलं तर म्हणतील, बघा, ह्याला ठाऊक आहे त्यात काय आहे ते. नाही प्यायलो तर विष ठरलं. प्यायलो तर निदान पाणी ठरेल." वीस वर्षं लोकांना पाणी पाजलं ह्या माणसानं. स्वतः एक पेला प्यायला कधी असा विचार करावा लागला नव्हता.

बाहेर गेले आणि प्यायले. ती बाई म्हणाली, "पूर्ण." पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून उलट्या, जुलाब. एकही गाडीवाला घ्यायला तयार नाही. एक म्हणाला, "विषवाला ना? माझ्या गाडीत मेला तर मला दाखवतील." चार तास गेले, ताई काय करत होती तर चौकात हात जोडून उभी होती. शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालून नेलं. तिथं वॉर्डात आपल्या गल्लीतलेच तिसाच्या वर. जी बाई ह्यांच्यासमोर पाणी प्यायली, ती ह्यांच्या बाजूच्या खाटेवर आहे. तुमच्या चॅनेलवर आता चाललंय, "टाकीच्या पाण्यात विषच! ओतणाराच कोसळला!"

ह्यांना आधीच साखरेचा आजार. डॉक्टर म्हणतात, अंगातलं पाणी फार गेलं, उशीर झाला. मी वॉर्डाच्या पायरीवर बसून लिहितेय.

आता तुझं. २८ तारखेचं तुझं पत्र आज घरी जाऊन आले तेव्हा मिळालं. "काही खास नव्हतं." हो ना?

गाडीची काच काळी होती. टोपी कपाळावर ओढलेली होती. पण बोटं दिसत होती. स्टिअरिंगवर तबला वाजवत होतास. लहानपणी दप्तर घेऊन बसलास की असाच वाजवायचास, मला आतल्या खोलीतून कळायचं की तू पळून जाणार आहेस. दुसऱ्या हातात फोन होता. तोच, कोपरा तुटलेला. चोरीला गेलेला.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, हाक मारली तर हे लोक ह्याच्याभोवतीही गोल काढतील.

ताई


८ मार्च

ताई,

कसे आहेत ते आधी सांग. बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

फोन चोरीला गेला नाही. गोलवाल्याला व्हिडिओ मीच दिला होता. तूच तो शब्द पुढे केलास आणि मी पकडला. बुडणारा काडी पकडतो तसा. तुझ्या कायद्याप्रमाणे मला कागदावर खोटं बोलता येत नाही, तर बघ, आलं. एका ओळीत आलं. त्याच फोनमध्ये अख्खा व्हिडिओ होता, पहिल्या दिवसापासून.

का नाही पाठवला, खरं सांगतो. ज्या दिवशी गोल निघाला त्या दिवशी मी ऑफिसातच होतो, चहा पीत. पडद्यावर भाऊजी. मला आधी आनंद झाला, ताई. एक क्षण. मग खालची अक्षरं वाचली. मला वाचायला वेळ लागतो. पळत गोलवाल्याकडे गेलो, म्हटलं हे काय केलंस, हे आमचे भाऊजी! तो म्हणाला, "तोंड झाकलंय, कोण ओळखतंय? आणि मी विष म्हटलंय का? मी तर नुसतं विचारलंय." साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "व्हिडिओ तू दिलास, आता तो चॅनेलचा. पुन्हा बाहेर कुठे दिलास तर नोकरी गेली समज, वर खटला." मी घाबरलो. सहावी नापास माणूस, खटला म्हणजे काय तेही धड माहीत नाही. वाटलं, चार दिवस थांबू, विसरतील. तू मला अख्खा मागत होतीस आणि मी चार दिवस थांबत होतो.

मग तुमच्याकडे जायचं ठरलं. मी म्हटलं, दुसऱ्या गाडीला पाठवा. दुसरी बिघडलेली. तुझं पत्र खिशात होतं. आठ दिवस पावडर नाही हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

तू काचेतून माझी बोटं बघितलीस. मी काय ऐकत होतो ते तुला दिसलं नाही. गाडीत साहेबांचा आवाज ऐकू येतो, माइकवालीच्या कानात जातो तोच. "पाजा. पाजा त्याला. थांबू नका. बायको रडतेय का? बायकोवर जा." माझ्या गुडघ्याशी जनरेटरचं बटण आहे. अंगठ्याएवढं. ते दाबलं असतं तर चित्र गेलं असतं. चित्र नाही तर पेला कशाला? चित्र गेलं की हे लोक माणसाला हातसुद्धा लावत नाहीत, सामान बांधतात. मी त्या बटणावर अंगठा ठेवला होता. भाऊजींनी पेला तोंडाला लावला. अंगठा तिथंच होता. पेला रिकामा झाला. अंगठा तिथंच.

आयुष्यभर एका जागी थांबलो नाही मी. थांबलो तो तेव्हा.

तुझं पत्र मिळालं आणि साहेबांकडे गेलो, सगळ्यांसमोर सांगितलं, ते माझे सख्खे भाऊजी आहेत, व्हिडिओ मी दिला, अख्खा माझ्याकडे आहे, आवाजासकट, आत्ता दाखवा. साहेब खुर्चीतून उठले. वाटलं मारतात. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे वेड्या, हे आधी नाही का सांगायचं? घरातल्यानेच फोडलं बिंग! चल, तोंड धू, तुलाच बसवतो समोर." गोलवाला खुर्ची सरकवत होता. तोफेनं मला कोमट पाणी दिलं, ताई. माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरू नकोस, रडू आलं तर रड. आवरू नकोस."

गाडीच्या किल्ल्या त्याच पाण्यात टाकल्या आणि बाहेर पडलो.

व्हिडिओची तीन कार्डं केलीत. एक आरोग्य कचेरीला, एक पोलिसांना, एक ह्या पाकिटात चिकटवलंय. अख्खा आहे. मी यायला निघालो होतो, स्टेशनावरून परत फिरलो. तू ये म्हटल्याशिवाय कुठल्या तोंडानं येऊ? त्यांना सांग, भिंगरी पाया पडतोय. नको, काही सांगू नकोस. नुसतं कसे आहेत ते लिही. एक ओळ लिही. शिवी लिही.

भिंगरी


१६ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र १२ तारखेला मिळालं. हे ६ तारखेला सकाळी गेले. तू कसे आहेत म्हणून विचारत होतास तेव्हा दोन दिवस झाले होते. शुद्धीवर होते तोवर एकच विचारत होते, "पावडर पडली का?" मी हो म्हटलं. तू एकटाच खोटं बोलतोस असं समजू नकोस.

तपासणीचा कागद आला. विष नाही. गटारातले जंतू. नळ ह्यांनी सांगितला होता तिथंच फुटलेला निघाला. तुमच्या चॅनेलनं म्हणे खालच्या पळत्या पट्टीत एकदा दाखवलं. वर तेव्हा दुसऱ्याच कुणाभोवती गोल होता.

१३ तारखेला सील काढलं. नवा माणूस आला, बरोबर आरोग्य कचेरीच्या डॉक्टरीणबाई. पण तो शिडीशी अडून बसला. ह्या टाकीला, ह्या डब्यानं, किती माप, त्याला ठाऊक नाही. वही अजून पोलिसांत. "जास्त पडलं तरी गोल, कमी पडलं तरी गोल. लेखी द्या." बाई म्हणाल्या, हिशेब करून उद्या देते. उद्यापर्यंत वॉर्डात आणखी दोन खाटा भरल्या असत्या.

मी घरात जाऊन तुझं कार्ड आणलं. मला ते ऐकायचं नव्हतं. बाईंच्या फोनमध्ये घातलं, आवाज मोठा केला. टाकीखाली सगळी वस्ती उभी होती. बादली फेकणाराही होता. आणि ह्यांचा आवाज आला. "टाकी भरलेली असेल तर सहा मापं. सपाट. शीग लावायची नाही. पाण्याचा भरवसा वाटत नसेल तर सातवं. आधी बादलीत कालवायचं, निवळू द्यायचं, मग ओतायचं. घाई करायची नाही."

नव्या माणसानं तीनदा ऐकलं आणि चढला. सात मापं घातली.

दुसऱ्या दिवशी नळाला वास आला. नाक भरून आला. वस्तीत एकानंही शिवी दिली नाही. मी दारात उभी राहून वाट बघत होते, कुणीतरी द्यावी म्हणून.

ये म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणवत नाही. पत्रं मात्र महिन्याला दोन येऊ देत. काही नसलं लिहायला तर तसं लिही.

एक राहिलं. तू तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नसशील. तुझा स्वभावच नाही तो. सात मापांनंतर नव्या माणसानं बंद केला, पण पुढं थोडा होता, तो मी घरी येऊन ऐकला. हे तोंडावरचं फडकं सोडतात, कपाळ पुसतात आणि मला म्हणतात, "झालं ना? कर बंद आता. आणि चारचौघांत दाखवत बसू नकोस. तुझ्या भावाला तेवढा पाठव. एकटा असतो तिकडे, घरचं माणूस बघून बरं वाटेल त्याला."

म्हणून पाठवला होता.

ताई